उतारावर शेडचा चौथरा : परसबागेतून पाचवीचा मापनाचा पाठ



परसबागेवर आपण सगळेच लिहितो. मेथी किती उगवली, पोषण आहारात लाल माठाची भाजी कितीदा झाली, मुलांनी वाफे कसे केले. पण फावडी, घमेली, झाऱ्या, बियाण्यांचे डबे ठेवायचे कुठे, हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे ते सगळं दोन वर्षं ऑफिसच्या दाराआड उभं होतं आणि रोज कोणाच्या ना कोणाच्या पायात येत होतं. शेवटी बागेच्या कडेला पत्र्याची एक छोटी शेड बांधायचं ठरलं. साधारण ६ बाय ८ फूट, म्हणजे १८० बाय २४० सेंटिमीटर.

आमची शाळा सिंधुदुर्गात, डोंगराच्या अंगावर. मैदान सोडलं तर सपाट जागा नाहीच. शेड पत्र्याची, ती दोन दिवसांत उभी राहते. खरं काम तिच्याखालच्या चौथऱ्याचं. ते काम आम्ही पहिल्यांदा चुकवलं. चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय हा पाठ पूर्ण होत नाही.

आधी बाटलीतलं पाणी

डी.एड.ला आपण पियाजे वाचला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. त्याचा एक साधा प्रयोग इथे उपयोगी पडतो. अर्धी पाण्याने भरलेली बाटली सरळ उभी दाखवायची. मग मुलांना तिरक्या बाटलीचं रिकामं चित्र द्यायचं आणि आत पाणी कसं दिसेल ते काढायला सांगायचं. लहान मुलं पाण्याची रेषा बाटलीच्या तळाला समांतर काढतात, म्हणजे बाटलीबरोबर पाणीही तिरकं. तसंच डोंगराच्या उतारावर झाड काढायला सांगा. झाड आभाळाकडे सरळ जात नाही, उताराला काटकोनात, बाहेर झुकलेलं येतं.

मला वाटलं होतं, पाचवीची मुलं हे टप्पे पार करून आली असतील. करून बघा, निम्म्याहून जास्त वर्ग तिरकं पाणी काढतो. आणि ही मुलं रोज उतारावरून चालत शाळेत येतात बरं का! आपलं डोकं शेजारच्या रेषेवरून अंदाज बांधतं. शेजारची रेषा तिरकी असली की ‘आडवं’ म्हणजे काय तेच हरवतं. मोठ्या माणसांचंही उतारावर हेच होतं. नुसत्या नजरेने सपाट केलेली जागा जवळजवळ नेहमी उताराच्या दिशेने थोडी कललेली निघते.

म्हणून चौथऱ्याच्या आधी एक तास ‘सपाट’ आणि ‘समपातळी’ या दोन शब्दांना द्या. फळा सपाट आहे, पण तो उभा आहे. घसरगुंडी सपाट आहे, पण कोणी तिच्यावर गोट्या खेळत नाही. आम्हाला जागा सपाट हवी आणि शिवाय समपातळीत हवी.

पालकांना हे वेगळं सांगावं लागत नाही. भाताच्या चिखलणीत फळी फिरवताना पाणी एका कोपऱ्यात साचलं की तो कोपरा खाली आहे, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असतं. मुलांना तोच प्रश्न घरी विचारून यायला सांगा: ‘मळा समपातळीत आहे हे तुम्हाला कसं कळतं?’ उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

पाण्याची नळी

साहित्य फार नाही. दहा मीटर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, करंगळीएवढी जाड. दोन सरळ काठ्या, खुंट्या, सुतळी, मीटर टेप, खडू, आणि पाण्यात घालायला चिमूटभर नीळ. गवंडी हीच नळी लेव्हलला वापरतो. स्पिरिट लेव्हल जवळ असेल तर उत्तम, पण दोन-तीन मीटर अंतरावरच्या खुंट्यांसाठी ही नळी जास्त भरवशाची. आणि शिकवायला तर तिला तोडच नाही, कारण आत काय चाललंय ते मुलांना दिसतं.

नळी भरताना बादली उंचावर ठेवून, एक टोक पाण्यात बुडवून, दुसऱ्या टोकाने ओढून पाणी सोडा. नळाखाली धरून भरली तर आत बुडबुडे अडकतात, आणि एक बुडबुडासुद्धा माप चुकवतो. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून बघा. पाणी एका रेषेत आलं तर नळी बरोबर. नाही आलं तर बुडबुडा शोधा.

आता एक टोक वरच्या काठीला, दुसरं खालच्या काठीला. दोन्ही टोकं उघडी हवीत. इथे हमखास गंमत होते. पाणी सांडू नये म्हणून मुलं टोकावर अंगठा दाबून धरतात आणि मग पाणी हलतच नाही. लगेच सांगू नका, थोडा वेळ जाऊ द्या. ‘अंगठा काढल्यावर पाणी का हललं?’ या प्रश्नातून हवेच्या दाबापर्यंत गाडी आपोआप जाते. दोन्ही टोकांवर हवा सारखीच दाबते, म्हणून दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर येतं, मग मधली नळी कितीही वेडीवाकडी पडलेली असो.

पाणी स्थिर झालं की दोन्ही काठ्यांवर खडूने खूण करायची आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. आमच्याकडे २४० सेंटिमीटर अंतरात वरच्या काठीवर ३० सेंटिमीटर आले आणि खालच्या काठीवर ७०. फरक ४०. म्हणजे ६ सेंटिमीटर पुढे गेलं की जमीन १ सेंटिमीटर खाली जाते.

या ठिकाणी वर्ग अडखळतो. ‘बाई, खाली आहे तर आकडा मोठा कसा?’ हा प्रश्न आला नाही तर तुम्ही काढा. आकडा जमिनीची उंची सांगत नाही, पाण्याच्या रेषेपासून जमीन किती खोल आहे ते सांगतो. विहिरीचं उदाहरण द्या: दोर जितका जास्त सोडावा लागतो तितकं पाणी खोल. एका मुलीने हे वहीत काढून दाखवल्यावर बाकीच्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

दोन गोष्टी मोजायच्या आधी करा. पहिली, वरची काळपट माती, गवत, मुळं असा दहा-बारा सेंटिमीटरचा थर सगळ्या जागेवरून काढून बाजूला ठेवा. ती माती वाफ्यांसाठी सोनं, पण चौथऱ्याखाली राहिली तर मुळं कुजतात आणि जागा बसते. दुसरी, टेप जमिनीला चिकटवून धरू नका, आडवा ताणून धरा आणि टोकाला ओळंबा सोडा. या उतारावर जमिनीला चिकटवून मोजलेले २४० सेंटिमीटर प्रत्यक्षात सव्वातीन सेंटिमीटरने कमी भरतात. शेडचा सांगाडा मात्र कमी होत नाही!

काटकोनासाठी १८०, २४० आणि ३०० सेंटिमीटर. गवंडी त्याला तीन-चार-पाच म्हणतो. दोन बाजू १८० आणि २४० च्या, आणि कर्ण बरोबर ३०० आला की कोपरा काटकोनात. बौधायनाच्या शुल्बसूत्रात वेदी आखण्यासाठी हाच नियम आहे. पाचवीत प्रमेयाचं नाव घ्यायची घाई नको. सुतळी ताणून कर्ण जुळला की मुलं ओरडतात, तेवढं पुरे आहे.

तिप्पट-चौपट खोदाई, आणि माझी चूक

शेडच्या चारही बाजूंना ३० सेंटिमीटर मोकळी जागा धरली तर चौथरा २४० बाय ३०० सेंटिमीटरचा होतो. लांब बाजू उताराला आडवी ठेवायची, हे पहिलं. तशी ठेवली तर चौथऱ्याच्या वरच्या आणि खालच्या कडेत फरक ४० सेंटिमीटर. फिरवून उताराच्या दिशेने ठेवली तर फरक ५०. नुसतं फिरवून १० सेंटिमीटर वाचले.

आता खणायचं किती? दोन रस्ते आहेत. एक, सगळी जागा खालच्या कडेच्या पातळीपर्यंत खणायची. दुसरा, वरचा अर्धा भाग खणायचा आणि ती माती खालच्या अर्ध्या भागावर टाकायची. मुलांना विचारा, दुसऱ्या रस्त्यात खोदाई किती कमी? सगळे म्हणतात, ‘निम्मी.’

काढून बघू. खोदलेला भाग बाजूने पाहिला तर त्रिकोण दिसतो. पूर्ण खोदाईत तो त्रिकोण २४० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर खोल. चौथऱ्याची रुंदी ३ मीटर, म्हणून माती १.४४ घनमीटर. अर्ध्या खोदाईत त्रिकोण १२० लांब आणि २० खोल. माती ०.३६ घनमीटर. निम्मी नाही, चौथाई! लांबीही अर्धी झाली आणि खोलीही. आमच्या घमेल्यात १२ लिटर पाणी मावतं, त्या हिशेबाने १२० घमेल्यांऐवजी ३० घमेली. चौकटीच्या कागदावर दोन्ही त्रिकोण काढून कापायला द्या. लहान त्रिकोण मोठ्यात चारदा बसवून मुलं स्वतः खात्री करतात.

हे गणित इतकं छान जमलं की मी त्याच्या प्रेमात पडले. ३० घमेल्यांत काम होतंय तर १२० कशाला? दोन पालक आले, सकाळी सुरुवात केली, दुपारपर्यंत चौथरा तयार. खालच्या भागावर माती ओतली, फावड्याने थापटली, पाणी मारलं. नळी लावली, चारही कोपरे समपातळीत. फोटो काढले. मे महिन्यात शेड उभी राहिली.

जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत दार घासायला लागलं. ऑगस्टमध्ये ते उघडेनाच. एका सकाळी दोन मुलींनी जोर लावून ओढलं तर दार एकदम सुटलं, आणि आत कललेला टिकाव घसरून एकीच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. लागलं नाही. पण त्या दिवशी मी शेडला कुलूप लावलं, आणि घरी जाऊन बराच वेळ तेच डोळ्यापुढे होतं. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला मी दुसऱ्या दिवशी स्वतः सांगितलं की हिशेब माझा होता.

नळी लावली. वरचे दोन कोपरे जागेवर, खालचे दोन साडेचार-पाच सेंटिमीटर खाली. चौथीतल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्यांनी चौथऱ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘बाई, एक पाय धक्क्यार नि एक पाय होडीत, तसां झालां ह्यां.’

झालं होतं ते एवढंच. वरचे दोन कोपरे शेकडो वर्षं तिथेच असलेल्या जमिनीवर होते. खालचे दोन आम्ही सकाळी ओतलेल्या मातीवर. खणलेली माती मोकळी होते, तिच्यात पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी शिरलं, कण सरकले, माती बसली. सगळा चौथरा सारखा बसला असता तर दार तरी चाललं असतं. अर्धा बसला, अर्धा नाही, म्हणून शेड पिळली गेली. नळीने आम्हाला खोटं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चौथरा समपातळीतच होता. तो पावसानंतर तसा राहील का, हे नळीला विचारायचं नसतं.

दुसऱ्यांदा

दिवाळीनंतर शेड सोडवली आणि तीन मीटर बाजूला, कोऱ्या जमिनीवर पुन्हा सुरुवात केली. या वेळी नियम एकच: शेडचे चारही कोपरे खणलेल्या, मूळच्या जमिनीवर यायला हवेत. भराव आला तर तो शेडच्या बाहेर, पुढच्या मोकळ्या पट्टीत.

शेडची खोली १८० आणि मागची मोकळी जागा ३०, म्हणजे वरून २१० सेंटिमीटरपर्यंत खोदाई. वरच्या कडेला खोली ३५ सेंटिमीटर. माती १.१ घनमीटर, म्हणजे सुमारे ९२ घमेली. तीसच्या तिप्पट! पण पूर्ण खोदाईपेक्षा कमीच.

खोदाई मोठ्यांनी केली. हे स्पष्ट लिहिते, कारण उत्साहात आपण मुलांच्या हातात टिकाव देतो. मुलांचं काम मोजण्याचं, सुतळीचं आणि घमेली मोजण्याचं. आणि खोदलेली उभी कड गुडघ्याच्या वर जाणार असेल तर हा शाळेचा उपक्रम राहत नाही, जाणकार इंजिनिअरला विचारा.

मोजणाऱ्या मुलांनी सांगितलं, ११८ घमेली भरली. हिशेब ९२ चा होता. वर्गात भांडण! कोणी म्हणे मोजायला चुकलं, कोणी म्हणे जास्त खणलं. मग बागेत एक छोटा चौकोनी खड्डा केला, निघालेली सगळी माती त्याच खड्ड्यात परत टाकली. वर ढीग राहिला. ‘माती वाढली कुठून?’ मग त्याच खड्ड्यात थोडी-थोडी माती टाकून, शिंपडून, लाकडी ठोकळ्याने कुटत भरली. ढीग जवळजवळ गेला. मागच्या वर्षी चौथरा का खचला हे मी फळ्यावर लिहायच्या आधीच एकजण म्हणाला, ‘बाई, आपण कुटलंच नव्हतं.’ सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाचा वाटलेला तास हाच. तुमच्याकडे शेड बांधायची नसली तरी एवढा प्रयोग जरूर करा, एक कुदळ आणि अर्धा तास पुरतो.

खोदलेल्या समपातळीवर दहा सेंटिमीटर मुरूम घातला, तोही एकदम नाही, दोन थरांत. प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोकला. ओला किती? मूठभर मुरूम आवळला की त्याचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये. फार ओला झाला तर धुमस मारल्यावर शेजारी फुगतो, कोरडा असेल तर नुसती धूळ उडते. मुलांना मूठ आवळून बघायचं काम फार आवडतं, सगळ्यांना पाळी द्यावी लागते. मुरुमावर चिरे आडवे मांडले, फटींत बारीक खडी. कोकणाबाहेर चिऱ्याऐवजी शहाबादी फरशी किंवा पातळ काँक्रीट चालेल, खालचं काम तेच.

आमच्याकडे एका कोपऱ्यात कातळ लागला. तेव्हा वाटतं, चला, पक्कं झालं. पण तीन कोपरे मातीवर आणि एक कातळावर म्हणजे पुन्हा धक्का आणि होडीच. तिथे कातळ थोडा फोडून बाकीच्याइतकाच मुरूम खाली घातला.

पुढच्या पट्टीत थोडी माती भरली, तिला अडवायला वीतभर उंचीचा गडगा रचला. सिमेंट न घालता, खालचे दगड मोठे आणि जमिनीत रुतवलेले, आणि सगळा गडगा किंचित आत झुकलेला. सिमेंट नसल्यामुळे मागचं पाणी फटींतून निघून जातं. उरलेली माती वाफ्यांच्या बांधांना गेली.

पाण्याची वाट

पहिल्या वर्षी मी पाण्याचा विचारच केला नव्हता. मुलांना हा हिशेब द्या: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शेडचं छप्पर ४.३२ चौरस मीटर. आमच्या भागात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. गुणाकार करा, जवळजवळ १३,००० लिटर! हे सगळं पागोळ्यांतून चौथऱ्याच्या कडेलाच पडणार. पत्र्याचा उतार पुढे ठेवून तिथे पन्हळ लावली आणि खाली ड्रम. ड्रम काही तासांत भरतो, म्हणून त्याच्या तोंडाजवळून एक पाइप गडग्याच्या बराच खाली नेला.

डोंगरावरून येणारं पाणी याहून जास्त. खोदलेल्या कडेपासून दोन फूट वर एक चर काढला, हसणाऱ्या तोंडाच्या उलट आकाराचा, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरणारी. पाणी दोन्हीकडून शेडला वळसा घालून खालच्या वहाळात जातं. हे पाणी कोणाच्या अंगणात सोडू नका, नाहीतर पुढची समितीची सभा त्याच विषयावर होईल.

चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर आम्ही तेलाच्या रंगाने ठिपके दिले आहेत आणि पाचवीच्या मुलांकडे एक वही आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी नळी लागते आणि चार आकडे लिहिले जातात. गणपतीच्या सुट्टीनंतरच्या नोंदीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यातला फरक ४ मिलिमीटर होता. एका मुलाने समोर लिहिलंय, ‘दार चालते.’ या शनिवारी नळी धरायची पाळी टिकावाजवळून वाचलेल्या त्या मुलीची आहे.